मोठ्या कॉलेजचा अर्ज आणि आबांचा दाखला

बारावीचा निकाल लागला की आमच्या मसोलीत दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरात पेढे वाटतात आणि दुसऱ्या घरात कपाट उपसतात. पेढे वाटणाऱ्या घरातही चार दिवसांनी कपाट उपसावेच लागते, पण तोपर्यंत निम्मी मुदत उलटून गेलेली असते. आम्ही हे दोन्ही केले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही म्हणजे कोणी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. आमच्यातले कोणी थर्मल पॉवरमध्ये कंत्राटावर आहेत, कोणी फुग्याच्या कारखान्यात, कोणी चिकूच्या वाडीवर, एक-दोघे नगरपरिषदेत. रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही थोडा वेळ बसतो आणि ज्यांची मुले दहावी-बारावीला आहेत त्यांचे कागद पाहतो. गेल्या सहा-सात वर्षांत वस्तीतल्या नऊ-दहा मुलामुलींनी मुंबई, पुणे आणि महाराष्ट्राबाहेरच्या नावाजलेल्या कॉलेजांना अर्ज केले. काहींना जागा मिळाली, काहींची हातातोंडाशी आलेली गेली. जागा मिळाली त्यांची नावे विहाराच्या फळ्यावर लागली. गेली त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि शिकण्यासारखे तर तिथेच असते.

पहिली गोष्ट कागदाची. आमच्या एका मुलाने बारावी सायन्सला चांगले गुण मिळवले, सीईटीही चांगली गेली. इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला अनुसूचित जातीच्या जागेवर बसायचे तर जातीचा दाखला असून भागत नाही, जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. ते मिळण्यासाठी आपले पूर्वज १० ऑगस्ट १९५० रोजी वा त्याआधी महाराष्ट्रात कोठे राहत होते याचा पुरावा द्यावा लागतो. मुलाचा जन्म डहाणूचा, बापाची नोकरी डहाणूची. पण १९५० साली आबा होते संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात. दाखला मूळ गावच्या तालुक्यातूनच काढा, असे सांगितले गेले तेव्हा घरात कोणाला त्याचा अर्थच कळला नाही. आधार कार्ड इथले, रेशनकार्ड इथले, मत इथे देतो, आणि जात तेवढी संगमेश्वरची!

मग बाप आणि चुलता मुंबई गाठून कोकण रेल्वेने गावी गेले. शाळेत आबांची नोंद शोधली. आबा दुसरीत शाळा सोडून गेलेले, त्यामुळे नोंद होती पण नावात फरक, आडनावाच्या जागी नुसते बापाचे नाव. शेवटी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जन्ममृत्यूचे जुने रजिस्टर, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात आबांच्या मोठ्या बहिणीच्या जन्माची नोंद सापडली. तिथे पणजोबांचे नाव होते आणि जातही होती. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करून त्या नोंदीवरून काम झाले. पण या सगळ्यात अडीच महिने गेले. त्या वर्षीची जागा पडताळणी समितीत अर्ज दाखल केल्याच्या पावतीवर कशीबशी टिकली. दरवर्षी तशी सवलत मिळेलच, असे धरून चालू नये.

आम्ही त्यानंतर एकच नियम केला. मूल आठवी-नववीला गेले की आजोबांचा कागद शोधायला निघायचे. अकरावी-बारावीत पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत जातो, तेव्हा फाईल तयार असली पाहिजे. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून इकडे आलेली आपली बरीच घरे आहेत. गावचा चुलता जिवंत आहे तोवर जाऊन या. तो गेल्यावर कोणत्या शाळेत कोण शिकले हे सांगणाराही उरत नाही.

शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ किती मोलाची, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९१४ या क्रमांकावर लिहिले गेले. ते रजिस्टर जपून ठेवले आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या आबांची ओळ कोणी जपून ठेवणार नाही. ती आपणच झेरॉक्स काढून, शाळेच्या शिक्क्यासह ठेवायची.

आता जरा नाजूक गोष्ट. वर सांगितलेल्या मुलाच्याच धाकट्या चुलत बहिणीने जेईई दिली. ती परीक्षा केंद्राची. तिच्याकडे राज्याचा दाखला होता, त्यावर नवबौद्ध असे लिहिलेले. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, आणि त्यात धर्म बौद्ध असला तरी मूळ अनुसूचित जातीचे नाव लिहावे लागते. आमचा तालुका आदिवासीबहुल आहे. इथे अनुसूचित जमातीचे दाखले रोज निघतात आणि ते लिहिणाऱ्यांना तोंडपाठ असतात. बौद्धांचा केंद्राचा दाखला मागितला की एका कार्यालयात आम्हाला दोनदा चुकीचा नमुना मिळाला. दोष कोणाला द्यावा? मागणाऱ्यालाच काय मागायचे ते ठाऊक नव्हते.

पण खरी अडचण कार्यालयात नव्हती, घरात होती. आबांना कळले की नातीच्या कागदावर जुने नाव परत लिहायचे आहे. ते दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, "माझ्या बापानं छप्पन साली ते नाव टाकलं. गुरं ओढायचं बंद केलं, मार खाल्ला. आता मी सही करून परत आणू?" सून म्हणाली, "आबा, नाव आणायचं नाही, हक्क आणायचाय." आबा त्यावर काही बोलले नाहीत. आम्हालाही चटकन उत्तर सुचले नाही, आणि ज्यांना सुचते त्यांच्याबद्दल आम्हाला जरा शंकाच वाटते.

आबांना आम्ही मग इतिहास सांगितला, तो इथे थोडक्यात सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदू सोडून दुसऱ्या धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचे मानले जात नव्हते. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला आपण धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या लेखी सवलतींबाहेर गेलो. महाराष्ट्राने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण दिल्लीच्या दारात त्या चालत नव्हत्या. ही स्थिती १९९० पर्यंत, म्हणजे तब्बल चौतीस वर्षे राहिली. १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. म्हणजे केंद्राच्या नमुन्यातला तो कागद ही जुन्या नावाची शरणागती नसून, धर्म बौद्ध ठेवूनही हक्क शाबूत राहतो याची पावती आहे. आबांनी ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी सही केली. पटले म्हणून केली की नातीसाठी केली, ते त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

तर पालकांनो, दोन्ही दाखले काढा. राज्याचा राज्याच्या सीईटीसाठी. केंद्राचा जेईई, नीट आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सुरू झालेल्या सीयूईटीसाठी. दोन्हींतले नाव, वडिलांचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेतले नाव अक्षरशः एकच हवे. 'वि' ऱ्हस्व की दीर्घ, यावरून आमचा एक आठवडा गेला आहे.

दुसरी गोष्ट पसंतीक्रमाची. इथे चूक आमची होती, आणि ती मनाला लागलेली आहे.

इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत कॉलेजांची नावे पसंतीने क्रम लावून द्यावी लागतात. आमच्या वस्तीतली एक मुलगी, वडील रिक्षा चालवतात. यादी भरताना आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो होतो. जो तो म्हणे, माटुंग्याचे व्हीजेटीआय आणि पुण्याचे सीओईपी आपल्याला कोण देणार? वर ती नावे लिहून नंबर फुकट जाईल, त्यापेक्षा जवळचे, खात्रीचे वर लिही. तिने तसेच लिहिले. पहिल्या फेरीतच पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले. पेढे वाटले. पहिली पसंती मिळाली की ती जागा पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत वर सरकता येत नाही. नंतर कटऑफ पाहिला. माटुंग्याच्या ज्या शाखेचे नाव आम्ही भीतीने लिहू दिले नव्हते, तिथे तिच्यापेक्षा कमी गुणांवर जागा गेली होती.

यात गैरसमज कोणता, तो नीट समजून घ्या. यंत्र तुमची यादी वरून खाली वाचते. वरच्या कॉलेजात तुमच्या गुणांना जागा नसेल तर ते खालच्या नावाकडे जाते, आणि खालच्या कॉलेजात तुमचा हक्क तेवढाच राहतो. वर मोठे नाव लिहिल्याने खालचे जात नाही. म्हणून क्रम आवडीचा लावायचा, भीतीचा नाही. खात्रीचे कॉलेज यादीत हवेच, पण शेवटाकडे. आणखी एक. आपले मूल राखीव जागेवरच बसेल असे काही नसते. गुण खुल्या जागेइतके असतील तर त्याला खुल्या जागेत धरले जाते. मागच्या वर्षीचा कटऑफ पाहताना दोन्ही रकाने पाहा.

ती मुलगी आज शिकते आहे, चांगली शिकते आहे. आम्हाला काही बोलत नाही. पण तिचा बाप एकदा स्टेशनावर भेटला तेव्हा म्हणाला, "काका, आपणच तिला खाली बसवलं ना?" व्हीजेटीआय १८८७ सालचे, सीओईपी १८५४ सालचे. इतकी जुनी दारे. आत जाता येते की नाही हे न विचारताच आम्ही मागे फिरलो.

याच संदर्भात जाता जाता सांगतो. काही नामांकित कॉलेजे अल्पसंख्याक दर्जाची आहेत. २००५ च्या घटनादुरुस्तीने खाजगी संस्थांतही राखीव जागा आणता येतील असे कलम आले, पण त्यातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत. तेव्हा अशा कॉलेजात आपल्या जागा असतीलच असे गृहीत धरू नका, आधी माहितीपत्रक वाचा. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले, डहाणूलाही. त्यामुळे हे पसंतीक्रमाचे गणित आता दहावीनंतरच गाठ घालते.

तिसरी गोष्ट मुदतीची, आणि ही सगळ्या देशाने पाहिली. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातला अतुल कुमार, मजुराचा मुलगा, आपल्यासारखाच अनुसूचित जातीचा. २०२४ साली त्याला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. जागा पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते, मुदत २४ जून, संध्याकाळी पाच. पैसे गोळा करता करता शेवटची घटका आली आणि भरायच्या आत संकेतस्थळ बंद झाले. जागा गेली. पोराने हार मानली नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी कोर्टाने घटनेच्या कलम १४२ खाली त्याला प्रवेश द्यायला लावले. त्याआधी २०२१ च्या नोव्हेंबरात प्रिन्स जयबीर सिंग या विद्यार्थ्याला मुंबईच्या आयआयटीतली जागा याच कलमाखाली कोर्टाने मिळवून दिली होती. त्याचेही पैसे तांत्रिक अडचणीने वेळेत भरले गेले नव्हते.

दोन मुले जिंकली, आनंदच आहे. पण सुप्रीम कोर्टापर्यंत न पोचलेली किती असतील? आमच्याकडे एका मुलाचे असेच अडले. पैसे होते, पण बापाच्या कार्डावर दिवसाला तेवढी रक्कम जात नव्हती, सायबर कॅफेत लाईट गेली, आणि मुदत रात्री बाराची. एका शेजारीणताईंनी भिशीच्या पैशातून आपल्या खात्यावरून भरले म्हणून वाचलो. तेव्हापासून आम्ही फेरी सुरू होण्याआधीच रक्कम मुलाच्या स्वतःच्या खात्यात ठेवतो, बँकेत जाऊन मर्यादा वाढवून घेतो आणि शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी भरतो. पावती कागदावर छापून ठेवतो. मोबाईल हरवतो, कागद पेटीत राहतो.

पैशाच्या भीतीनेच आपली माणसे अर्ज करत नाहीत, म्हणून दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या. आयआयटीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते. वसतिगृह, मेस यांचा खर्च मात्र असतो. राज्यात कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, त्यावर असेल तर फ्रीशिप. पण हे कॅप फेरीतून घेतलेल्या प्रवेशाला. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर त्यावर पाणी सोडावे लागते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत. हे पैसे वेळेवर येतील या भरवशावर मात्र राहू नका. पहिल्या सहा महिन्यांची तजवीज घरातून करावी लागते, हा आमचा अनुभव.

डहाणू रोड ते चर्चगेट सव्वाशे किलोमीटर. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा वाटले, आता मुले जाऊन-येऊन शिकतील. एका मुलाने वर्षभर केले. रोजचे पाच-सहा तास गाडीत. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. त्यानंतर आम्ही कोणालाही तसे करायला सांगितले नाही. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी भरायचा.

काही संस्था गुणांबरोबर निबंध आणि शिक्षकांचे शिफारसपत्र मागतात. आमच्या एका मुलीने निबंधात लिहिले, मला गरिबीतून वर येऊन देशाची सेवा करायची आहे. वाक्य खोटे नव्हते, पण ते कोणाचेही असू शकले असते. तिची आई फुग्याच्या कारखान्यात. आम्ही म्हटले, बाय, तू सुट्टीत आईबरोबर जातेस ना, ते लिही. मग तिने लिहिले: रबराच्या चिकात साचे कसे बुडवतात, सुकल्यावर पावडर लावून फुगा कसा ओढून काढतात, आणि रात्री आईच्या बोटांना भाताचा वास न येता रबराचा कसा येतो. मुलाखतीत तिला सगळे प्रश्न त्यावरच विचारले.

शिफारसपत्राला लाजू नये. बाबासाहेब १९१६ साली कोलंबियाहून लंडनला गेले तेव्हा प्राध्यापक सेलिग्मन यांची पत्रे घेऊन गेले होते. त्याआधी केळुस्कर गुरुजींनी त्यांना सयाजीराव महाराजांपुढे नेले नसते तर कॉलेजची वाट कठीण होती. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण निघताना त्यांनी एक गोष्ट केली, ती आमच्या मुलांना आम्ही मुद्दाम सांगतो. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. पुढे सिडनेहॅममध्ये महिना ४५० रुपयांवर शिकवले, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये कर्ज घेतले, आणि १९२० साली परत गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. घरात आजारपण आले, कमावता हात गेला, तर पोराला कॉलेज सोडून घरी बसवू नका. आधी लेखी अर्ज देऊन वर्ष राखून ठेवता येते का ते विचारा.

आत गेल्यावर काय, हाही प्रश्न आहे. मोठ्या कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्या आठवड्यात रँक विचारतात, आणि विचारणाऱ्याला रँक नको असते, जात हवी असते. आमचा मुलगा पहिल्यांदा गप्प बसला. दुसऱ्यांदा त्याने खरा आकडा सांगितला आणि समोरच्याला विचारले, तुझे आजोबा किती शिकलेले? त्याचे तीन शिकलेल्या पिढ्यांचे घर होते. हा म्हणाला, माझे दुसरी. पुढे दोघे एकाच गटात प्रोजेक्ट करत होते म्हणतात. सगळीकडे असे होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून घरच्यांनी रविवारी फोन करायचा, आणि फोनवर गुण सोडून दुसरेही काही विचारायचे. जेवलास का, कोणाबरोबर जेवलास, हे विचारले तर बरेच काही कळते.

संगमेश्वरहून आणलेल्या त्या नोंदीच्या सहा झेरॉक्स काढल्या होत्या. चार लागल्या. उरलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आबांच्या पेटीत ठेवल्या आहेत. धाकटा नातू यंदा नववीला आहे.